दाभणाच्या टोकावरचा थेंब

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी माझे टोक नीट पाहून घ्या. मी एक जुना दाभण आहे. धान्याची पोती शिवायला जी वीतभर लांब, जाड सुई वापरतात ना, तोच मी. माझे बाकीचे अंग करडे आहे, पण टोकाकडची दोन पेरे जागा काळीकुट्ट आहे. पाहणाऱ्याला वाटते, गंजला बिचारा! तो गंज नव्हे. मला राखेने मांजून झाले, रॉकेलमध्ये बुडवून झाले, तरी तो काळेपणा गेला नाही. तो कुठून आला ते आज सांगतो. गोष्ट गोड नाही, आणि गोड बोलायची मला सवयही नाही.

वडूजच्या एका लोहाराने मला घडवले. आठवडी बाजारात त्याने मला इतर भावंडांबरोबर गोणपाटावर मांडले होते. माण तालुक्यातल्या बिरदेव नावाच्या मेंढपाळाने मला उचलले, अंगठ्यावर टोचून पाहिले आणि मान हलवली. त्याच्याकडे मी घोंगड्यांच्या पट्ट्या जोडत असे. लोकरीतून आरपार जाताना अंगाला ऊब लागते. माझ्या आयुष्यातले ते दिवस सर्वांत सुखाचे होते, हे मला फार उशिरा कळले.

सुगी आटोपली की बिरदेव आपली मेंढरे घेऊन खटाव भागात येई आणि शेतकऱ्यांच्या रानात बसवी. मेंढरांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळते. अशाच एका वर्षी तो लालासाहेबांच्या रानात उतरला. लालासाहेब तेव्हा फौजेत होते, दूर कुठल्याशा बर्फाच्या मुलखात. घरी त्यांची नवी नवरी चंद्राबाई होती. तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि त्याचे कुरूप झाले होते. ती पाय टेकवत नसे. बिरदेवाने पाहिले आणि झोळीतून एक बिब्बा काढला.

बिब्बा तुम्ही पाहिला असेल, मित्रांनो. काळे, गुळगुळीत, बदामाएवढे फळ. त्याच्या पोटात काळे तेल असते आणि ते तेल कातडीला जाळते. बिरदेवाने तो बिब्बा माझ्या टोकाला टोचला आणि दिव्याच्या ज्योतीवर धरला. तेल उकळले, माझ्या टोकावर ओघळले आणि त्याचा एक थेंब लोंबू लागला. तो थेंब त्याने कुरुपावर टेकवला. चंद्राबाई ओरडली. मला मात्र त्या वेळी कुठे काही जळल्यासारखे वाटले नाही, आणि याचीच मला आज लाज वाटते.

आठ दिवसांनी कुरूप निघून पडले. चंद्राबाई चालत मेंढवाड्यावर भाकरी घेऊन गेली. बिरदेवाने निघताना मला तिच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "वैनी, दाभण ठिवा तुमाला. पर एक ध्यानात ठिवा. बिब्बा टाचंचा, घट्टं पडल्याल्या हाताचा. कवळ्या लेकराला लावायचा न्हाई. गळ्याच्या वर तर कवाच चढवायचा न्हाई. आन् ज्याला थेंब नीट दिसत न्हाई त्यानं दाभण हातात धरू ने."

"व्हय दादा," चंद्राबाई म्हणाली, "ध्यानात ठिवीन."

तिने ते तीस-पस्तीस वर्षे ध्यानात ठेवलेही.

या घरात माझी जागा ठरली. स्वयंपाकघराच्या दाराशी, कॅलेंडरच्या खिळ्याला एक मोठे बूच टांगलेले आहे. त्यात मला खोचून ठेवतात. तिथून मला चूल दिसते, पुढे गॅसची शेगडी आली तीही दिसू लागली, आणि उजवीकडे सगळी ओसरी दिसते. मी पोती शिवली, उसाच्या रानातल्या ताडपत्र्या शिवल्या. आणि गावात कुणाच्या टाचेला कुरूप झाले, कुणाच्या हातावर चामखीळ आली, की माणसे चंद्राबाईकडे येत. ती आधी चामखिळीभोवती खायच्या चुन्याचे कडे काढी, म्हणजे तेल चांगल्या कातडीवर पसरत नसे. मग पेशंटला म्हणे, "माजं मनगट धर. दुखलं की दाब." माझ्या टोकावरून थेंब उतरे, आणि काम फत्ते! माणसे म्हणत, चंद्राबाईचा हात हलका. खंडेनवमीला विळे-कोयत्यांच्या ओळीत मलाही हळदीकुंकू लागे. मी फुगून गेलो होतो हे कबूल करतो. सुईच्या जातीत जन्मून डॉक्टर म्हणवून घ्यायला कोणाला आवडणार नाही?

एकदा मात्र एका माणसाची पोटरी उतली. बिब्बा उतणे म्हणजे काय ते सांगतो. सगळ्यांची कातडी सारखी नसते. काहींना तो थेंब सोसत नाही. दोन दिवस काही दिसत नाही, मग खाज सुटते, मग पाण्याने भरलेले फोड येतात आणि ते पसरतात. तो माणूस महिनाभर साताऱ्याच्या दवाखान्यात जात होता. चंद्राबाईने त्या महिन्यात मला हात लावला नाही. मग लोक पुन्हा येऊ लागले आणि ती ते विसरली. मीही विसरलो. विसरायला नको होते.

आता राजनंदिनीविषयी सांगतो. ही चंद्राबाईची नात, पाचवीत शिकणारी, सशासारखी चपळ. घरात सगळे तिला नंदू म्हणतात. तिचा बाप विश्वजीत शिरवळच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीला घरी येतो. खरे तर त्याला फौजेत जायचे होते. भरतीच्या मैदानावर तो सगळ्यांच्या पुढे पळाला होता. मग डॉक्टरांनी त्याचे पाय पाहिले, तळवे सपाट आहेत म्हणाले आणि त्याला घरी पाठवले. त्या दिवसाविषयी या घरात कुणी बोलत नाही. पण 'मेडिकल' हा शब्द निघाला की हवालदार होऊन रिटायर झालेल्या लालासाहेबांच्या हातातला कप बशीत वाजतो. मी तो आवाज कितीदा ऐकला आहे.

नंदूने मुलींना घेणाऱ्या एका सैनिकी शाळेची परीक्षा दिली आणि ती पास झाली! त्या दिवशी लालासाहेबांनी गावभर पेढे वाटले. ट्रंकेतली पदके काढून पुसली. नंदू त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभी राहिली आणि तिने कडक सॅल्यूट ठोकला. लालासाहेबांनी तो सॅल्यूट घेतला, आणि त्यांची नजर तिच्या बोटांवर थांबली.

तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर तीन चामखिळी होत्या. एक तर पहिल्या बोटाच्या नखाला चिकटून होती.

"हे कवापास्नं हाय?" त्यांनी विचारले.

"लय दिवस झालं की आबा. दुखत न्हाईत."

"मेडिकल कवा हाय?"

"दोन म्हैन्यांनी."

कप बशीत वाजला.

नंदूची आई पूजा तिला वडूजला डॉक्टर प्रमोदिनीबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी एक मलम दिले. पूजा ते रोज लावी, वर चिकटपट्टी बांधी. चामखीळ चिवट असते, मित्रांनो. ती आज लावले आणि उद्या गेली अशी जात नाही. पंधरा दिवस झाले तरी त्या होत्या तिथेच होत्या. लालासाहेबांना पंधरा दिवस म्हणजे पंधरा वर्षे वाटली. त्यांनी वरातीच्या घोडेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस आणला आणि नखाजवळच्या चामखिळीला करकचून बांधला. कुणीतरी सांगितले होते, केस बांधला की चामखीळ वाळून गळते. ती गळली नाही. ती चिरली, रक्त आले. त्याच बोटाने नंदूने डोळे चोळले असणार. महिन्याभरात डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, अगदी केसांच्या रांगेशी, मोहरीएवढी एक नवी चामखीळ उगवली.

पूजा पुन्हा वडूजला धावली. परत आली तेव्हा तिने ओसरीवर सासऱ्यांना सगळे सांगितले.

"आबा, डॉक्टरीणबाई म्हणल्या, मलम सोडू नका, दोन-तीन म्हैनं धीर धरा. लेकरांच्या चामखिळी बऱ्याचदा आपल्या आपण जात्यात. आन् पापणीवरच्याला अजिबात हात लावायचा न्हाई, मलमसुद्धा न्हाई. मेडिकलला त्यानं काय अडत न्हाई म्हणल्या."

"त्यांनी कवा भरती बघितलीया?" लालासाहेब म्हणाले. "विश्वाच्या पायाला तरी काय झालं हुतं? हरणासारखा पळत हुता."

चंद्राबाई भाजी निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. म्हणजे मी जिथे असतो त्या दिशेला पाहिले.

कारण मित्रांनो, एक गोष्ट त्या घरात फक्त मला ठाऊक होती. चंद्राबाईला दिसत नव्हते. वर्षभर तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा चढत होता. ती मला बुचातून काढताना आधी भिंत चाचपडे. दोरा ओवायचा असला की म्हणे, "नंदे, तूच ओव गं, माजं हात पिठाचं हायत." हात कोरडे ठणठणीत असत. तांदूळ निवडताना ती खडे बोटांनी शोधी. तिने कुणाला सांगितले नाही. ज्या बाईकडे तीन गावांची माणसे येतात, तिने आपल्याला दिसत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मी बुचात बसून हे सारे पाहत होतो आणि बिरदेवाचे शब्द मला पुन्हा पुन्हा आठवत होते.

मेडिकलला बारा दिवस उरले, आणि पूजाच्या भावाचे लग्न आले. लग्न विट्याला होते. पूजा शनिवारी माहेरी गेली, विश्वजीत शिरवळहून परस्पर तिकडे जाणार होता. नंदूला लालासाहेबांनी ठेवून घेतले. तिचे सकाळचे पळणे चुकवायचे नव्हते. पूजाने मलमाची नळी कट्ट्यावर ठेवली आणि सासूला दोनदा बजावले, "आत्याबाई, एवढं मलम तेवढं लावा. दुसरं काय करू नका. मी शुक्रवारी येतेच."

"जा गं बाय निवांत," चंद्राबाई म्हणाली.

रविवारी सकाळी लालासाहेब बायकोला म्हणाले, "दुनियेच्या चामखिळी काढल्यास. घरच्या लेकराला का न्हाई?"

"लेकराला बिब्बा लावत न्हाईत. बिरदेव सांगून गेलाय."

"बिरदेवाच्या घरात कुणी मेडिकलला गेलं हुतं का? अगं, त्या पोरीनं विश्वासारखं माघारी यायचं का? आयुष्यभर कुणाच्या तरी कारखान्यात उभं राहायचं का?"

चंद्राबाई उत्तर देणार होती. मी तिचे ओठ हलताना पाहिले. पण विश्वजीतचे नाव निघाले की तिचे काही चालत नसे. तो भरतीहून परत आला तेव्हा तीन दिवस जेवला नव्हता. ती उठली, भिंत चाचपडली आणि मला ओढून काढले.

नंदू ओसरीवर पाटावर बसली. चंद्राबाईने चुन्याचे कडे काढले. बोटांनी चाचपत काढले, आणि एका बाजूला ते तुटले. मला ते स्पष्ट दिसत होते. तिला दिसत नव्हते, आणि लालासाहेब तर नातीच्या तोंडाकडे पाहत "शाब्बास! फौजी रडत नसतो" असे म्हणत होते. थेंब पडला. तुटलेल्या जागेतून तो वाहिला आणि बोटाच्या पेरात, सांध्यावर जाऊन थांबला. नंदू रडली नाही. आजीचे मनगट मात्र तिने असे दाबले की चंद्राबाईची बांगडी वाढली.

सोमवारी चामखिळी काळ्या पडल्या. लालासाहेब खूश झाले. "बघ, दोन दिसांत काम! आता गुरुवारी पापणीवरची काढू. म्हंजी पूजा यायच्या आत समदं साफ."

"डोळ्याजवळ?" चंद्राबाईने विचारले.

"थेंबभर तर लावायचाय. तुझा हात काय थरथरतो का?"

हात थरथरत नव्हता, हे खरेच होते. त्या क्षणी तिने एक वाक्य बोलायला हवे होते. ते वाक्य बोलायला तिला आणखी तीन दिवस लागले.

मंगळवारी नंदू बोटे पाठीमागे धरून भिंतीला घासू लागली. बुधवारी फोड आले, आधी पेरावर, मग शेजारच्या बोटावर. शाळेला परीक्षेआधीची सुट्टी होती, त्यामुळे कुठल्या बाईंनी पाहण्याचाही प्रश्न नव्हता. नंदू दिवसभर हात रुमालात गुंडाळून फ्रॉकच्या खिशात ठेवी. जेवायला बसली तेव्हा तिने डाव्या हातात चमचा घेतला.

"डाव्या हातानं?" लालासाहेबांनी विचारले.

"आबा, सैनिकी शाळंत जेवायचा काटा डाव्या हातानंच धरत्यात. सवय करतीया."

लालासाहेबांनी कौतुकाने बायकोकडे पाहिले. "बघ! आत्तापास्नं तयारी." चंद्राबाई हसली. ताटात भाकरी आणि पातळ आमटी होती, आणि ते लेकरू डाव्या हाताने चमचा धरून भाकरीचे तुकडे आमटीतून वेचत होते. एकदा नंदूने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते. मला ओरडावेसे वाटले. पण दाभणाला तोंड नसते, फक्त टोक असते.

गुरुवारी चार वाजता उन्हे ओसरीत आली. लालासाहेबांनी पाट मांडला, निरांजन लावले. चंद्राबाईने नवा बिब्बा घेतला आणि माझे टोक त्यात खुपसले. डोळ्याजवळ चुना नको म्हणून तिने पापणीला साजूक तूप लावले. तेही बोटाने चाचपत. नंदूने मान मागे टाकली, लालासाहेबांनी तिचे डोके दोन्ही हातांनी धरले.

"डोळा मीट, बाळा. हलू नगं."

ज्योतीवर बिब्बा तडतडला. तेल माझ्या अंगावरून उतरू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला ते तेल भाजले असे वाटले. टोकाशी थेंब जमला, टपोरा आणि काळा. माझ्यासमोर नंदूची पापणी होती. तिच्यावर ती मोहरीएवढी चामखीळ, आणि तिच्याखाली पातळ कातडीआड हलणारे बुबुळ. चंद्राबाई मला खाली आणत होती. ती मला चामखिळीकडे नेत नव्हती. ती मला नाकाकडच्या कोपऱ्यात नेत होती, जिथे दोन्ही पापण्या मिळतात. मी मागे सरकायचा प्रयत्न केला. लोखंड काय सरकणार?

"माजं मनगट धर," चंद्राबाई म्हणाली. इतक्या वर्षांची सवय होती ती. "दुखलं की दाब."

नंदूने डावा हात पुढे केला.

"उजवा दे गं. उजव्यात जोर असतो."

नंदू हलली नाही.

"नंदिनी! उजवा हात!" लालासाहेब फौजेतल्या आवाजात म्हणाले.

तिने खिशातून हात काढला. रुमाल गळून पडला. तिची बोटे आजीच्या मनगटाला लागली आणि चंद्राबाई थबकली.

"हे वलं काय लागलं?"

"घाम हाय, आजी."

चंद्राबाईने डाव्या हाताने नातीची बोटे चाचपली. एक, मग दुसरे. एक फोड तिच्या बोटाखाली फुटला. तिला दिसत नव्हते, पण तिच्या बोटांना सगळे कळत होते. त्या एका पोटरीचे फोड ती विसरली असेल, तिची बोटे विसरली नव्हती.

"नंदे," ती म्हणाली, "कवापास्नं?"

"कालपास्नं. आजी, दुखत न्हाई. तू लाव."

थेंब सुटला. मित्रांनो, तो माझ्या टोकावरून सुटलेला मी जाणला. चंद्राबाईला तो दिसला नसणार. पण तिने आपला डावा हात नातीच्या तोंडावर आडवा घातला, जसा कुणी अंगावर येणारी काठी अडवतो तसा. थेंब तिच्या मनगटावर पडला. ती ओरडली नाही.

"काय झालं? लाव की," लालासाहेब म्हणाले.

"मला दिसत न्हाई."

"काय दिसत न्हाई?"

"आवं, मला तिचा डोळाच दिसत न्हाई! वरीस झालं. थेंब दिसत न्हाई, वात दिसत न्हाई. तुमचं त्वांड बी दिसत न्हाई मला." आणि ती आमच्या ओसरीवर मोठ्याने रडू लागली. मी तिच्या हातातून पडलो आणि घरंगळत उंबऱ्यापाशी गेलो.

लालासाहेबांनी मग नातीचा हात वर धरून पाहिला. त्यानंतर त्यांनी शेजारच्या धनाजीला जीप काढायला सांगितले.

वडूजहून त्यांना त्याच दिवशी साताऱ्याला कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवले. पूजा दुसऱ्या दिवशी विट्याहून आली, थेट दवाखान्यात. घरी आल्यावर ती भांडली नाही, आदळआपट केली नाही. तिने मला उंबऱ्यापाशी पाहिले, उचलले आणि सासूच्या पुढ्यात जमिनीवर ठेवले. मग चार दिवस ती सासू-सासऱ्यांशी एक शब्द बोलली नाही. त्या घरात मी युद्धाच्या गोष्टी ऐकल्या आहेत, पण त्या चार दिवसांइतकी भीती मला कशाची वाटली नाही.

मेडिकलचा दिवस आला. नंदूची बोटे पट्टीत होती. तिकडे काय झाले ते मी संध्याकाळी विश्वजीतच्या तोंडून ऐकले. तो मुद्दाम रजा काढून बरोबर गेला होता. फौजी डॉक्टरांनी आधी पापणीवरची चामखीळ पाहिली आणि म्हणाले, लहान मुलांना होतात, त्याने काही अडत नाही. मग त्यांनी पट्टी सोडली.

"ही बोटं कशानं जळली?" त्यांनी विचारले.

लालासाहेब सावधान उभे होते.

"चुलीत हात भाजला, सर," नंदू म्हणाली. "माझीच चूक झाली."

डॉक्टरांनी तिला मूठ मिटायला सांगितली. मूठ मिटली नाही. बरे होऊन तीन आठवड्यांनी या, असे ते म्हणाले. तीन आठवड्यांनी जखमा भरल्या होत्या, पण पेरावरची कातडी आखडली होती आणि पहिले बोट पुरते वाकत नव्हते. नंदूऐवजी यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावले गेले.

त्या पहिल्या संध्याकाळी विश्वजीत सांगत होता तेव्हा चंद्राबाई दाराशी बसली होती. "चुलीत भाजला म्हणाली?" तिने विचारले. मग पुन्हा विचारले, "माजीच चूक म्हणाली?" लालासाहेब उठून आत गेले. त्यांनी पदके ट्रंकेत परत ठेवली, तेव्हाचा पत्र्याचा आवाज मला ऐकू आला.

पावसाळ्यानंतर पूजानेच सासूला डोळ्यांच्या ऑपरेशनला नेले. एका डोळ्याची पट्टी सुटली आणि चंद्राबाई घरी आली, तेव्हा ती देवापुढे गेली नाही. तिने नंदूला ओसरीत उजेडात बसवले आणि म्हणाली, "हात दाव." नंदूने हात पुढे केला. तीन बोटांवर काळे-तपकिरी डाग होते, एक बोट अर्धवट वाकलेले. चंद्राबाईने ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिले. तिने एकेका डागावरून बोट फिरवले. रडली नाही. मग तिने मान वर करून नातीचा चेहरा पाहिला, आणि पाहतच राहिली.

"पापणीवरची कुठाय?"

"कोण?"

"चामखीळ गं!"

नंदूने डोळा चोळला. पूजा स्वयंपाकघरातून धावत आली. पापणी स्वच्छ होती. कधी गेली, कुणालाच ठाऊक नव्हते. जिला कुणी हात लावला नव्हता, ती आपली आपण गेली होती.

मित्रांनो, मी अजूनही त्याच बुचात आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गावची एक बाई लेकराला घेऊन आली. लेकराच्या गालावर चामखीळ होती. ती म्हणाली, "चंद्राकाकू, तुमचा हात हलका. जरा बिब्बा लावा." चंद्राबाईने नंदूला आत पाठवले. मग बाही वर सारून आपले मनगट त्या बाईपुढे धरले. त्यावर रुपयाएवढा काळा खड्डा आहे. "हे एका थेंबाचं हाय," ती म्हणाली. "ह्या लेकराला आजच्या आज वडूजला ने. आन् डॉक्टर धीर धर म्हणली तर धीर धर." ती बाई थोडी रागावूनच गेली. जाऊ दे. गालावर डाग घेऊन जाण्यापेक्षा ते बरे.

तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी खिळ्याला टांगलेले असेल. त्याच्याकडून पोती शिवून घ्या, आम्हाला तेवढे काम पुरे आहे. आणि तुमचे काही दुखत असेल, तर शाबासकीसाठी ते खिशात लपवू नका. नंदू एक शब्द आधी बोलली असती, आजीने एक वाक्य आधी सांगितले असते, तर एवढे झाले नसते. त्या दोघींना मी दोष देत नाही. टोक माझे होते.

काल जोंधळ्याचे पोते शिवायचे होते. चंद्राबाईला आता दोरा ओवता येतो, तरी ती सवयीने म्हणाली, "नंदे, ओव गं." नंदूने मला बुचातून काढले, डाव्या हातात धरले आणि त्या न वाकणाऱ्या बोटाने दोरा ओवू लागली. तीनदा चुकला. चौथ्यांदा ओवला गेला. चंद्राबाई समोर बसून, डोळे उघडे ठेवून, ते सगळे बघत होती.